उजवं अंग

तो मैना घोडीच्या डाव्या अंगाला गेला, पण अर्धांगवायूनं गेलेला डावा पाय रिकिबीपर्यंत उचललाच गेला नाही.

"हिला विकत मागणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला घेऊन जा म्हणावं," ओट्यावर बसत तो बायकोला म्हणाला. "उजवीकडनं चढलं की पाडती ही. डावीकडची सवय मीच लावलीय."

बायकोनं मैनाला ओट्याशी आणून तिचं उजवं अंग त्याच्याकडं केलं. "बसा आता."

"खुळी झालीस?"

"तुम्ही दवाखान्यात व्यायामाला गेला की मी चढायची, उजवीकडनं. दोनदा पाडलं तिनं. आता नाही पाडत. डावी टाच न मारताही चालती."

त्यानं उजवा पाय रिकिबीत टाकला. डावा बायकोनं उचलून पलीकडं दिला. मैना जागची हलली नाही.

आयुष्यभर घोडी शिकवत आलेल्या माणसानं लगाम धरून बायकोला विचारलं, "माझी डावी टाच लागत नाही. तू टाचेशिवाय हिला 'चाल' कसं सांगतीस?"