अस्तराचा एकच हात

काच निघाली, पण चेहरा कागदालाच चिकटून राहिला.

ताईने ती काचेची निगेटिव्ह उजेडात धरली. फोटोतली बाई जागच्या जागी होती. खुर्चीच्या पाठीवर टेकलेला हात होता, पुढे आलेलं पोट होतं. मानेच्या वर मात्र चित्राचा थर निघून नुसती आरपार काच.

"गेलं," एवढंच म्हणून ताई हात धुवायला गेली.

छोटीने ती काच पुन्हा उजेडात धरली. चाळिशीला आलेली बाई, पण घरात अजून छोटीच. ती तीन वर्षांची असताना आई गेली, आणि पुढे घर बदलताना आईचे होते नव्हते ते फोटोही गेले. तिच्याहून बऱ्याच मोठ्या असलेल्या ताईने तिला वाढवलं, लग्न न करता. मग आपल्याच कामात घेतलं. काम गम प्रिंटचं, म्हणजे जुन्या पद्धतीने फोटो छापायचं. कागदावर डिंक आणि रंगाचा थर, त्यावर निगेटिव्ह, आणि कडक ऊन.

गेल्या वर्षी वडिलांच्या पेटीत ही काच सापडली. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात तारीख, छोटीच्या जन्माच्या महिनाभर आधीची. म्हणजे आई, आणि पोटात ती स्वतः! पण निगेटिव्हवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्यात चेहरा काय कपाळ ओळखणार? तो छापल्यावरच दिसणार होता.

ताईचं आज-उद्या वर्षभर चाललं. कधी ऊन बरं नाही, कधी कागद बरा नाही. शेवटी छोटीने हट्टच धरला.

"बरं बाई. अस्तर तू दे," ताई म्हणाली. "ॲक्रिलिक मीडियम पाण्यात पातळ कर. दोन हात मार, आणि प्रत्येक हात दिवसभर वाळू दे."

अस्तर नसेल तर रंग कागदात मुरतो आणि पांढरं पांढरं राहत नाही. हे छोटीला काय नवीन होतं? पण तिला धीर कुठला! बाटलीतलं मीडियम तिने पाणी न घालता तसंच फासलं. जाडजूड, एकच हात. असं अस्तर उन्हात तापलं की चिकट होतं, हेही तिला माहीत होतं. ताईने विचारलं तेव्हा ती बिनदिक्कत म्हणाली, "दोन हात दिलेत."

त्याचं हे फळ.

पुढचे आठ दिवस तिला घास गिळवेना. प्रत्येक कागदाला ती आता तीन-तीन हात देत होती.

"अगं, कागद आहे तो, भिंत नाही," ताई म्हणाली.

छोटीला हसू आलं नाही. ताई चिडत नव्हती, हेच तिला जास्त लागत होतं. स्वतःची तिला किळस आली होती. नवव्या दिवशी तिने ब्रश खाली ठेवला.

"ताई, मी खोटं बोलले. एकच हात दिला होता, पाणी न घालता. आईचा चेहरा माझ्यामुळे गेला."

"कागदाला हात लावला तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस? दोन शिव्या तरी द्यायच्यास! आईचं तोंड एकदा बघायचं होतं गं मला. एकदाच." ती हमसून हमसून रडायला लागली.

ताई तिच्याजवळ येऊन बसली. तिचाही चेहरा पार उतरला होता.

"रडू नकोस. तुझ्या अस्तराने काही झालं नाही. काच लावायच्या आधी मी त्या चेहऱ्यावरून ओला कापूस फिरवला होता. काचेवरचा थर भिजून सुटावा म्हणूनच. आठ दिवस तुला जळताना बघितलं आणि तोंड उघडलं नाही. माझ्यासारखी पापी मीच."

छोटी ताडकन उठली. "मुद्दाम? आईवर एवढा कसला राग होता तुझा?"

"आईवर कसला राग? तिने तर माझी अब्रू राखली, छोटी. त्या काचेवर ती नव्हतीच. मी होते. सतरा वर्षांची."