बसलेला घसा

जिंदो बेटावरच्या चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेला सगळे एकदमच मोठमोठ्यानं देवाला हाका मारत, आणि त्यात ओकबुन आजीचा आवाज सगळ्यांच्या वर. सात वर्षं एकच गाऱ्हाणं, "प्रभू, रिकामं घर खायला उठतं रे. तू तरी बोल की माझ्याशी!"

आज तिचा घसा पार बसला होता. पाळकसाहेब हसले, "बरं झालं आजी, आज त्याला बोलू द्या."

आजी मान खाली घालून नुसती ऐकत राहिली. त्या गलक्यात शेजारच्या मालसुनचं पुटपुटणं तिच्या कानी पडलं.

"प्रभू, सात वर्षं हिच्याशेजारी बसते. घरी मीही एकटीच. हिचं तुझ्याशी बोलून झालं, की एकदा माझ्याशी बोलायला सांग हिला."