मावशीला दुखलं पाहिजे

नखांत ओली माती.

उजेडाच्या पाटीवर लावलेला कण्याचा फोटो.

स्टीलचा चिमटा.

घुरघुर.

"देवा, दुखू दे रे हिला."

माती सासऱ्यांच्या नखांत. चिमटा डॉक्टरांच्या हातात. देवाला साकडं सुनेचं. आणि घुरघुर येत होती टॉवेलमधून. टॉवेलात मावशी होती, घरची मांजर. तिचे मागचे दोन्ही पाय कालपासून लुळे पडले होते.

डॉक्टरांनी फोटोवर बोट टेकवलं. "इथली चकती सरकून मज्जारज्जूवर दाबतेय. वरचं थोडं हाड काढून ती मोकळी करता येईल. पण आधी हिला पायाचं दुखणं कळतंय का ते बघू. वर काही पोचतच नसेल, तर ऑपरेशन म्हणजे नुसते हाल."

"म्हणजे दुखलं तर बरं?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"आणि नाही दुखलं तर वाईट?"

"हो, आजोबा."

"उलटाच कारभार." त्यांनी टॉवेल आणखी घट्ट धरला.

डॉक्टरांनी चिमट्यात मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय झटकन आत गेला.

"ओढला! ओढला की!" सासरे म्हणाले.

"तो पाठीनंच परस्पर ओढला. डोक्याला पत्ताही नाही. तिनं वळायला हवं, ओरडायला हवं."

"पण खुशीत आहे ती. ऐका ना, घुरघुरतेय."

"घाबरल्यावरही घुरघुरतात."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. इतकी वर्षं मांडीवर ऐकलेली ती घुरघुर. त्यातली खरी कुठली होती?

पुन्हा चिमटा, जोरात. पाय आत गेला. मावशी घुरघुरत राहिली.

डॉक्टरांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

सून टॉवेलकडे बघत होती. "बाबा, तुमचा उजवा हात कुठंय?"

"आत. तिला धरलंय."

"कुठं धरलंय?"

तिनंच टॉवेल बाजूला सारला. सासऱ्यांच्या मुठीत मावशीच्या मानेची कातडी होती. नखं कापताना ते तिला असंच धरत, मांजरी पिल्लाला उचलते तसं. असं धरलं की मावशी निपचित. चूं नाही की चां नाही.

"अहो, सोडा तिला!"

"घाबरेल गं ती."

"घाबरू दे!"

मूठ सुटली. चिमटा परत बसला. मावशी गर्रकन वळली, किंचाळली आणि समोर सापडला तो अंगठा कडकडून चावली. अंगठा सासऱ्यांचा.

"कळतंय हिला," डॉक्टर म्हणाल्या. दाराबाहेर डोकं काढून त्यांनी ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

सून हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. सासरे अंगठ्याकडे बघत बसले. रक्त ओघळून नखातल्या मातीत मिसळत होतं.

"धुऊन यायला हवं होतं," ते म्हणाले.

"कसली माती आहे ही, बाबा?"

ते टॉवेलाची घडी घालू लागले. घडी काही जमेना.

सकाळी घरचे उठायच्या आत त्यांनी कुंड्यांमागे खड्डा खणून ठेवला होता.