झिजलेली निब

"हा तिचा नाही," यादोराव म्हणाले. निब फडक्याला पुसून त्यांनी पेन परत काउंटरवर ठेवलं.

जुन्या सामानाच्या त्या दुकानाचा मालक चंद्रकुमार कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. "काकाजी, नीट पाहा ना. रंग मरून, क्लिप पितळेची, टोपणही तसंच. दोन वर्सापासून तुमी जो सांगून राहिले, तोच तर आहे हा. आता अख्ख्या भंडाऱ्यात दुसरा कुठून आणू?"

"पेन तसाच आहे. हात तिचा नाही."

यादोरावांनी कागदावर 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' एवढं लिहून पाहिलं होतं. तीस वर्षं पवनीच्या तहसिलीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून दिलेला माणूस. पेन हातात आलं की त्यांना दुसरं काही सुचायचंच नाही. पण आज पहिल्याच अक्षराला निब अडली आणि कागद खरवडून गेली. शाईच्या पेनची निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते आणि मग दुसऱ्याच्या हातात नीट चालत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ही निब भलत्याच बाजूनं झिजली होती.

"कुण्या डावखुऱ्याचा आहे हा," ते म्हणाले. "माही पोरगी उजव्या हातानं लिहे."

पोरगी म्हणजे दामिनी. एकुलती एक. एकोणीस वर्षांची होऊन दोन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिचं खुंटीवरचं दप्तर यादोरावांना पाहवेना. गल्लीत भोंगा वाजवत भंगारवाला आला, तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हातानं त्याच्या गाडीवर टाकलं. वह्या, पुस्तकं, सगळंच. आठ दिवसांनी आठवलं की पेनही दप्तरातच होतं. ती दहावी पास झाली तेव्हा त्यांनीच जुन्या बाजारातून आणलेलं, कोरी निब बसवून दिलेलं. त्यानंतर तिनं दुसऱ्या पेनाला हात लावला नव्हता.

वह्यांचा तर केव्हाच लगदा झाला असणार. पण पेन कुठं तरी असेल. फोटो होते घरात, पण तिच्या हाताची खूण उरली असेल तर त्या निबेवरच. म्हणून यादोराव दर रविवारी एसटीनं निघायचे. तुमसर, भंडारा, पवनी, जिथं म्हणून जुनं सामान विकतात तिथं जायचे. तसली मरून पेनं कंपनीनं एकेकाळी ढिगानं काढली होती, त्यामुळं सापडायचीही. यादोराव निब शाईत बुडवायचे, एक ओळ लिहायचे आणि पेन खाली ठेवायचे. लोक त्यांना वेडगळ समजू लागले होते, आणि त्यात लोकांची फारशी चूकही नव्हती.

संध्याकाळी आसगावला घरी पोचले तेव्हा त्यांच्या पत्नी गोदावरीबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या.

"आज भेटल्यासारखाच झाला होता," यादोराव भिंतीला टेकत म्हणाले. "अगदी तोच दिसे. पण लिहून पाहिला तर निब डाव्या हाताची. कुण्या डावखुऱ्याचा निघाला."

गोदावरीबाईंचा हात थांबला. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"अजी," त्या म्हणाल्या, "तो तिचाच आहे."

"काहीतरीच. तिचा डावा हात तर मी पाचव्या वर्षीच सोडवला."

सोडवला होता खरा. पाटीवर तिनं डाव्या हातानं अक्षर काढलं, तेव्हा यादोरावांनी तो हात दुपट्ट्यानं तिच्या कमरेला बांधून टाकला होता. अख्खा उन्हाळा. अर्ज लिहिणाऱ्याच्या घरात पोरगी डाव्या हातानं लिहिते म्हणजे काय, असं त्यांना वाटलं होतं. ती रडली, मग रडायची थांबली, मग उजव्या हातानं लिहू लागली. आपण पोरीला वळण लावलं, असं ते पुढं चारचौघांत सांगतही.

"तुमी घरी असले का उजव्या हातानं लिहे," गोदावरीबाई म्हणाल्या. "तुमची सायकल बाहेर गेली का डाव्या. बारावीचे पेपरही तसेच लिहिले तिनं. मले म्हणे, बाबाले सांगू नोको, त्यायले वाईट वाटन."

"मंग मले दोन वर्स काहून नाही सांगितलं?"

"तुमी निबेवरून हात वळखता, हे मले कुठं मालूम होतं? मले वाटे, पेन पाहूनच वळखत असान."

यादोराव जेवले नाहीत. त्यांना राग आला नाही, लाज वाटली. चौदा वर्षं पोरगी आपल्या घरात, आपल्यासमोर, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातानं लिहीत होती. आणि आज तिचा खरा हात आपल्या हाती आला, तर तो आपण पुसून परत ठेवला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ते भंडाऱ्याला निघाले. तिथं उतरून दुकानापर्यंत जवळजवळ धावलेच. चंद्रकुमार नुकतंच शटर वर करत होता. यादोरावांना पाहून त्याचा चेहरा फुलला.

"मले वाटलंच होतं तुमी याल," तो म्हणाला. त्यानं खणातून कागदात गुंडाळलेलं पेन काढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "पैसे नोको काकाजी. काल तुमी तसेच गेले, अन् मले काही बरं वाटलं नाही. लिहून तर पाहा."

यादोरावांनी काउंटरवरच्या कागदावर निब टेकवली. 'मेहेरबान' गोल, गुळगुळीत उमटलं. कुठं अडलं नाही की खरवडलं नाही. त्यांनी निब डोळ्यांजवळ नेली आणि अंगठ्यानं चाचपून पाहिली.

चंद्रकुमारला वाटलं, म्हातारा आनंदानं निरखतो आहे.

"लई हट्टी होती," तो म्हणाला. "दुकान बंद करेपर्यंत बारीक दगडावर घासत बसलो, पण सोडवलीच तिची डावी खोड. पाहा, आता उजव्या हातानं कशी सरळ चालते."