पत्र्यावरचा काळा रंग

दुरुस्तीला आलेल्या आलोशियसने सोलर हीटरची काच उतरवली, आतल्या तांब्याच्या पत्र्यावर नखाने ओरखडा काढला आणि बोट शत्रुघ्नपुढे धरलं. नखात काळं भरलं होतं.

"काका, हा साधा ऑइलपेंट. खऱ्या पत्र्यावरचा थर कसा असतो, केसाचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाहून पातळ. ऊन आत घेतो, पण ऊब बाहेर सोडत नाही. हा रंग तापतो आणि तापलेलं सगळं उधळून टाकतो. हीटर कुणी बसवला?"

शत्रुघ्नने मेहुण्याकडे पाहिलं. बायकोचा, कमळीचा धाकटा भाऊ हरेश्वर गच्चीच्या कठड्याला टेकून खाली केळीच्या वाड्यांकडे बघत होता.

"काहीतरी बोलू नको," शत्रुघ्न आलोशियसला म्हणाला. "तीन वर्षं कढत पान्यानं आंघोळ केलीय मी. बायको गेली, त्यानंतर हा बिघडला."

"बिघडलेला नाही हो. हा पाणी कोमटच करणार. पहिल्या दिवसापासून."

कमळीला दमा होता. चुलीपुढे बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून तर हीटर घेतला. पहाटे शत्रुघ्न केळींना पाणी सोडायला वाडीत जायचा. परत येईपर्यंत न्हाणीत बादली भरलेली असायची, वरून वाफ निघत असायची. नळ त्याने स्वतः कधी सोडलाच नव्हता.

"हऱ्या, पानी कोन तापवायचं?"

"भावजी, धंद्यातलं पहिलंच काम होतं माझं. तसला पत्रा मिळत नव्हता, मग..."

"मी काय विचारतोय?"

"ताई. मागच्या पडवीत, चुलीवर. गावात माझं नाव खराब होईल म्हणून तुम्हाला सांगू दिलं नाही तिनं. शपथ घातली."

"आणि तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवाळीला. राहायला आलो होतो ना मी, तेव्हा." हरेश्वरची मान अजून खालीच होती. "पण मी नुसता बघत बसलो नाही, भावजी. झावळ्या ओल्या होत्या, तिला धाप लागली. मग मीच फुंकणी घेतली तिच्या हातातून."