हंगामाबाहेरच्या जखमा

"आता आणि काय राहिलं?" डॉक्टर सम्राटांनी पेढ्यांचा बॉक्स अनुजापुढं सरकवला. "नवी गोळी जिंकली. चाचणी बंद करूया."

अनुजाच्या घशाखाली पेढा उतरणार कसा? आकडेमोड तिचीच होती. मधुमेहाच्या रुग्णांची पायाची जखम जुन्या गोळीनं लवकर भरते की नव्या गोळीनं, एवढाच प्रश्न. नियम असा, की चाचणी चालू असतानाच जिचं पारडं जड दिसेल, तिच्याकडं पुढचे रुग्ण जास्त पाठवायचे. पहिल्या थोडक्या रुग्णांत नव्या गोळीनं जरा आघाडी घेतली, आणि कॉम्प्युटर तिच्याच मागं लागला. पुढं पावसाळ्यात आलेल्या बहुतेकांना नवीच मिळाली.

"सर, जुनी गोळी मिळाली ती माणसं बहुतेक ऊसतोडीच्या दिवसांत आलेली. दिवसभर फडात उभी. नवी मिळाली ती पावसाळ्यातली, घरात पाय वर करून बसलेली. गोळीनं बरी झाली का बसून?"

"गोळ्या कॉम्प्युटरनं वाटल्यात गं. तू न्हाय, मी न्हाय."

"तिथंच तर घोळ झालाय. ऊसतोडीतले वेगळे, पावसाळ्यातले वेगळे मोजले, की दोन्ही गोळ्या सारख्याच. एवढा ऊसतोडीचा हंगाम थांबा. निम्म्यांना ही, निम्म्यांना ती देऊन बघू."

"लग्न लागलं आणि तू मुहूर्त काढत बसलीस. पुण्याला गोळीच्या कंपनीला फोनबी गेला."

हेच तिनं आषाढात सांगितलं होतं, गणपतीत सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. तिला सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःच्या मवाळ आवाजाचा.

तेवढ्यात दारातून आकाराम आत आला. हातकणंगल्याकडचा ऊसतोडीवाला, पावसाळाभर नव्या गोळीवर होता. जखम छान भरली होती. मधुमेहाच्या माणसाला पेढा कसा द्यायचा, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"डाक्टर, सोमवारपास्नं ऊसतोड सुरू हुतीया. जाऊ न्हवं?"

"जा की बिनधास्त. गोळी हाय न्हवं."

"सर, निदान यांना तरी..." अनुजा खुर्चीतून उठली. डॉक्टर फोनवर बोलू लागले होते.

आकारामनं दवाखान्यानं जखमेसाठी दिलेली मऊ चप्पल पायातून काढली आणि टेबलाखाली सारली.

"ही ऱ्हाऊ द्या दुसऱ्या कुणाला. फडातल्या चिखलात काय कामाची?"

आणि तो अनवाणीच जिना उतरू लागला.