एकही तक्रार नाही

ऋतिकाची चिप सरस ठरली तर प्रोबेशनवरची तिची नोकरी पक्की होणार होती. राजेशची ठरली तर त्याची. जागा एकच होती. खोपोलीतली त्यांची कंपनी कारखान्यांसाठी एक पेटी बनवायची. तिचं बटण दाबलं की पडद्यावर जवळच्या कॅमेऱ्याऐवजी लांबच्या कॅमेऱ्याचं चित्र यायचं. ही अदलाबदल करणारी मल्टिप्लेक्सर चिप राजेशने स्वस्तातली निवडली.

"एवढ्या वेगाचा सिग्नल, त्यात केबल लांब. चित्र विस्कटेल रे," ऋतिका म्हणाली. तिने तिप्पट वेग पेलणारी चिप घेतली.

"टेबलावर तर चकाचक दिसतंय की गं. तू काय रॉकेट सोडणारेस?" राजेश हसला.

साहेबांनी शिळफाट्याच्या एका कारखान्यात दोघांच्या दहा-दहा पेट्या बसवल्या आणि सहा महिने तक्रारी मोजल्या. ऋतिकाच्या सात आल्या, सगळ्या 'बटण झिजले' अशा. राजेशची एकही नाही. राजेश कायम झाला, पेढेही वाटून झाले.

जाता जाता शेवटचं काम म्हणून ऋतिका झिजलेली बटणं बदलायला कारखान्यात गेली. मशीनवरच्या वनिताताईंना तिने विचारलं, "राजेशच्या पेट्यांची बटणं कशी हो झिजली नाहीत?"

"तुमचं दाबलं का चित्र कसं लख्ख येतं, म्हणून आमी दिवसभर दाबतो. त्यांचं दाबलं का नुसत्या मुंग्या! पयल्याच दिवशी वरून चिकटपट्टी मारून टाकली गं."